बाळंतपणानंतर वारेच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

तुमची बहीण अमेरिकेत बाळंत झाली आहे आणि अशक्तपणा जावा म्हणून वार (प्लॅसेंटा) वाळवून केलेल्या कॅप्सूल घ्यायच्या म्हणतेय. कृपया तिला थांबवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका तान्ह्या बाळाला रक्तात जंतुसंसर्ग झाला, उपचार घेऊन घरी गेलं आणि काही दिवसांत पुन्हा तोच संसर्ग. आई रोज वारेच्या कॅप्सूल घेत होती. तपासल्यावर त्यांतच ते स्ट्रेप्टोकोकस जंतू सापडले! त्यानंतर २०१७ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने अशा कॅप्सूल टाळा असं सांगितलं.

लोहासाठी म्हणाल, तर छोट्या चाचणीत या कॅप्सूल आणि वार नसलेल्या नकली कॅप्सूल यांत ठळक फरक दिसला नाही. हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेऊ द्या, सोबत अळिवाची खीर. बहिणीला सतत रडू येत असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा.