माठाच्या झाकणापासून लिही

अगं मुली,

तुझा मेल आणि सोबतचा लेख परवा रात्री वाचला आणि काल सकाळी छापून पुन्हा वाचला. 31 वर्षं प्रुफं तपासण्यात गेली. कागदावर आल्याशिवाय मजकूर मला दिसतच नाही. लाल पेन हातात घेतलं होतं, पण म्हटलं आधी पत्र, रेघोट्या नंतर.

सुरुवातीलाच तू माफी मागितली आहेस. ‘एका जुन्या इंग्रजी मालिकेचा एक भाग बघून मी इतकी रडले, हसू नका.’ हसले नाही. तो भाग, ‘द व्हिजिटर’, मीही पाहिलाय. पाच-सहा वर्षांपूर्वी भाचीने तिच्या लॅपटॉपवर दाखवला, ‘मावशी, यात यानं-बिनं आहेत, तू तिकडे लक्ष देऊ नकोस’ अशी ताकीद देऊन. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’च्या सात पर्वांमधलं बाकीचं मला धड काही माहीत नाही. कुणाच्या कपाळाला वळ्या, कुणाच्या नाकाला, कुणाचे कान सुपाएवढे, यापलीकडे माझी मजल गेली नाही. हा भाग मात्र आठवतो, आणि मीही रडले होते. तेव्हा ते प्रकरण मिटलं. माफीचा परिच्छेद काढून टाक.

आता मजकुराकडे वळू. साधारण 900 शब्द आहेत आणि त्यातल्या 700 शब्दांत तू गोष्ट सांगितली आहेस. सांगावी लागते, मान्य आहे. ज्याने पाहिलं नाही त्याला काय कळणार? पण किती सांगायची? बेन सिस्को हा एका अवकाशस्थानकाचा प्रमुख, जेक त्याचा मुलगा, आई आधीच गेलेली; यानाच्या इंजिनखोलीत एक विजेचा लोळ बेनवर येतो आणि तो नाहीसा होतो, पण मरत नाही, काळाबाहेर कुठेतरी अडकतो आणि मध्ये बरीच वर्षं घालवून काही मिनिटांपुरता मुलाजवळ उमटतो. झालं. एका वाक्यात बसलं. इंजिन का बिघडलं, वर्महोल, म्हणजे अवकाशातला तो बोगदा, दर 50 वर्षांनी कसं उलटंपालटं होतं, याचे तुझे दोन परिच्छेद मी वाचताना ओलांडून पुढे गेले, वाचकही जातील. आणि ‘कृमिविवर’ लिहू नकोस गं. शब्द बरोबर आहे, कोशात असेल, पण तो वाचला की मला जंतांचं औषध आठवतं. वर्महोल लिही.

उरलेल्या 200 शब्दांत ‘हृदयस्पर्शी’ तीनदा, ‘अंतर्मुख करणारा’ एकदा आणि ‘निःशब्द झाले’ दोनदा आलंय. दोनदा निःशब्द झालेल्या माणसाने इतकं लिहू नये. हे शब्द वाईट आहेत असं नाही, ते झिजलेत. आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे झिजले की अक्षर उमटायचं पण त्याची कड जायची, आणि मग तो खिळा वितळवायला टाकायचे. तसं कर.

पण तुझ्या मजकुरात एक वाक्य आहे. पान दुसरं, खालून चौथी ओळ. ‘तिथे मी भाग थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच माठाचं झाकण नीट बसवत राहिले.’ हे लिहून तू लगेच पुढे पळालीस, दिग्दर्शनाबद्दल काहीतरी लिहायला. मी मात्र तिथेच थांबले. कुठे थांबवलास तू तो भाग? वर बघितलं. जेकचं लग्न झालंय, त्याचं पुस्तक आलंय, घर आहे, आणि त्या घरात अचानक बाप उभा राहतो. तोच गणवेश, तेच वय. त्याच्या लेखी काही क्षण गेलेत. समोर मुलगा, ज्याला त्याने शेवटचं पोरगेलं पाहिलं होतं, तो आता पुरता बाप्या झालाय. बाप त्याच्याकडे नुसता बघतो. बेन करणारा एव्हरी ब्रूक्स हा नट एरवी भारदस्त आवाजात, शब्द जोखून बोलणारा. इथे त्याचा चेहराच सगळं करतो. किती राहून गेलं याचा हिशोब, आणि त्याच वेळी काय तो आनंद, की पोरगं मार्गी लागलंय! आणि मग जेवढी मिनिटं मिळतात तेवढ्यात तो काय करतो? आपल्यावर काय गुदरलंय ते बाजूला ठेवून मुलाचीच चौकशी करत राहतो.

इथे तू माठाकडे गेलीस.

आता मी जरा आगाऊपणा करते, रागावू नकोस. तू सातवीत होतीस तेव्हाची दिवाळी आठवते का? बाबा बोटीवरून आठ महिन्यांनी आले होते, सिंगापूरहून तुला सँडल आणल्या होत्या, पांढऱ्या, बक्कलवर छोटं फूल असलेल्या. मी तुमच्याकडे फराळाला आले होते. तू पाय आत घालत होतीस, टाच काही जाईना. बाबा खाली बसून बक्कल ओढत होते आणि म्हणत होते, ‘अगं, मी बरोबर नंबर लिहून नेला होता.’ नेलाच होता. पण निघाले त्या दिवसाचा. त्यांच्या डायरीत तू तेवढीच होतीस. तू ‘बसतात बाबा, थोड्या घट्ट आहेत’ म्हणालीस आणि घरभर चालून दाखवलंस, टाच बाहेर ठेवून. नंतर तुझ्या आईने त्या गुपचूप मला दिल्या, आणि ज्या भाचीने मला हा भाग दाखवला ना, तिनेच त्या झिजवल्या.

तुझ्या 900 शब्दांत बाबा एकदाही नाहीत. बोट नाही, बोटीवर चढतानाचं साइन ऑन नाही, उतरतानाचं साइन ऑफ नाही, मध्येच तुटणारा व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाही. का? मला वाटतं, तुला वाटलं की समीक्षेत घरचं आणू नये. कुणी सांगितलं? ज्याचे वडील रोज सहा-अठराच्या लोकलने घरी येतात त्यालाही हा भाग आवडेल. पण दर खेपेला मुलगा मोठा झालेला आणि बाप आपल्या जागी थांबलेला, ही मेख तुला जशी लागली तशी त्याला लागणार नाही. ते तुला माहीत आहे आणि फक्त तूच लिहू शकतेस. तेव्हा माठाच्या झाकणापासून सुरू कर. सँडल हव्यात की नकोत ते तू ठरव. त्या तुझ्या आहेत.

एक काम सांगते. भाग पुन्हा बघ, पण या वेळी रडायचं त्या जागी रडून घे आणि मग लगेच मागे जाऊन तीच दोन मिनिटं आवाज बंद करून बघ. कोण कुठे उभं आहे, हात कुठे आहेत, कोण आधी नजर वळवतं, एवढंच टिपायचं. भावना नाही लिहायच्या, हात लिहायचे. म्हातारा जेक करणारा टोनी टॉड बघ. चित्रीकरणाच्या वेळी तो चाळिशीचा होता. मेकअप सोडून दे, तो खुर्चीतून उठताना आधी श्वास घेतो आणि मग उठतो ते बघ. त्याला लहानपणी त्याच्या आँटने वाढवलं होतं, आणि या भागाच्या थोडं आधी ती वारली होती. तिच्या आठवणीनेच हे काम केलं असं तो पुढे सांगायचा. (इंग्रजीत हा एक वैताग आहे. मावशी, आत्या, काकू की मामी, काही पत्ता लागत नाही. आपल्याकडे हे वाक्य लिहिताच आलं नसतं.) 2024 च्या नोव्हेंबरात तोही गेला. आणि पावसाच्या रात्री म्हाताऱ्या जेकच्या लुइझियानातल्या घराचं दार ठोठावणारी मुलगी, जिला लेखक व्हायचंय, ती नटी मालिकेतल्याच दुसऱ्या एका नटाची, गॅरॅक करणाऱ्या अँड्र्यू रॉबिन्सनची सख्खी लेक. हे लेखात घालच असं नाही. पण माहीत असावं.

माझं विचारशील तर मी शेवटाला रडले नव्हते. सुरुवातीलाच, अजून काही घडलेलंही नसताना रडले. जेक कथा लिहीत बसलाय आणि बाप म्हणतो, चल, वर्महोल बघायला, असं पुन्हा 50 वर्षं दिसणार नाही. पोरगं कुरकुरतं, मला लिहायचंय. बस्स, तिथेच. 1986 चा दिवाळी अंकाचा हंगाम, गिरगावातला आमचा छापखाना. माझे वडील चिपळूणहून एस. टी.ने आले होते, काही काम नव्हतं, सहज. मी खिडकीतून ओरडले, ‘पाचच मिनिटं, अण्णा!’ शेवटचा फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, मशीनवर चढायचा होता. बाहेर आले तेव्हा दीड तास झाला होता. अण्णा बाकावर बसलेले, मांडीवर कागदाची पुडी. एक वडापाव घेतला होता, अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्यासाठी ठेवला. पार गार झालेला. कागदही कसला, तर आमच्याच छापखान्याचं रद्दी प्रूफ. ‘यात एक चूक राहिलीय बघ,’ म्हणाले, ‘पावसाळाचा ळ उलटा पडलाय.’

त्या भागाचा लेखक माझ्या वडिलांना ओळखत नव्हता, तुझ्याही नाही. म्हणून तर तुला सांगतेय की लेखकाने जिथे रडवायचं ठरवलंय ती जागा धरून लिहू नकोस. सगळे तिथेच लिहितात. तुझी जागा धर.

शेवटाबद्दल मात्र माझं भांडण आहे, आणि तुझ्या लेखात भांडणाचा मागमूस नाही. म्हाताऱ्या जेकला उमगतं की बाप आपल्याशी दोरीने बांधल्यासारखा अडकलाय. बाप समोर असताना आपण गेलो तर तो अपघाताच्या क्षणी परत पोचेल. म्हणून तो जाणूनबुजून जीव देतो. बाप ‘नाही, नाही’ करत राहतो. मग सगळं मागे फिरतं, बाप त्या विजेच्या लोळातून वाचतो, पोरगं पुन्हा अठराचं. छान. पण मधली सगळी वर्षं? त्याची बायको, त्याची दोन पुस्तकं, कप्तान झालेला मित्र, पावसातून आलेली ती मुलगी, सगळं पुसलं गेलं. कुठल्या बापाने हा सौदा मान्य केला असता? मधल्या एका भेटीत हाच बाप त्याला विनवतो, की माझा नाद सोड, तू जग. मुलाने ते ऐकलं नाही आणि मालिका त्याला बक्षीस देते. मला ते पटलेलं नाही. तू ‘त्याने केलं तेच योग्य’ असं एका ओळीत उरकलंयस. आवडत्या गोष्टीशी भांडता येतं, भांडावं, त्याने ती कमी आवडायला लागत नाही. तुझं मत माझ्या उलट असेल तर तसं लिही, पण लढून लिही. आणि ती ओळ तू नुसती रडण्याच्या भरात लिहिली नसून काही मनात ठेवून लिहिली असशील, तर लेख राहू दे, आधी मला फोन कर. वेळ बघू नकोस.

आणखी एक, तुझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ‘माझ्यासारखीचं कोण छापणार?’ हा भाग ज्या मायकेल टेलरने लिहिला तो त्या वेळी मालिकेच्या पगारावरचा लेखक नव्हता. त्या मालिकेची रीतच होती की बाहेरच्या माणसांकडून आलेल्या संहिता ते वाचत. 1995 च्या ऑक्टोबरात भाग दाखवला गेला, पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीच्या ह्युगो पुरस्काराच्या नामांकनात होता (मिळाला नाही, तो दुसऱ्याच एका अवकाशमालिकेला गेला). त्याचं लिखाण कुणीतरी उघडून वाचलं, एवढंच. तुझं मी उघडून वाचलंय. त्यापुढचं दार आपण नंतर बघू. एका संपादकांना मी ओळखते, पण या मसुद्यासाठी मी त्यांना फोन करणार नाही. पुढच्यासाठी करीन.

शनिवारी संध्याकाळी ये. मजकूर छापून आण, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, आणि 600 शब्दांच्या वर नको. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी

ता. क. बाबांना हा भाग दाखवू का, असं विचारलंयस. ते मे महिन्यात साइन ऑफ होतायत असं तुझी आई म्हणाली. तेव्हा दाखव, शेजारी बसून. बोटीवर एकट्याने बघायला लावू नकोस. आणि ते निघायच्या आधी त्यांना तुझ्या चपलेचा नंबर कळव.