'ऑल-स्टार बेनिफिट कॉन्सर्ट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द वॉल' या अल्बमचा, बँडचे माजी सदस्य रॉजर वॉटर्स यांनी १९९० साली बर्लिनला जो कार्यक्रम केला, त्यावरच्या लेखात 'ऑल-स्टार बेनिफिट कॉन्सर्ट'साठी 'बहुतारांकित धर्मादाय मैफल' आणि 'रीस्टेजिंग'साठी 'पुनर्मंचन' चालेल का?

चालवून घ्यायचे म्हटले तर चालेल, पण मी यातला एकही शब्द ठेवणार नाही.

आधी 'मैफल' काढा. मैफलीत काय गायचे आणि किती वेळ, हे गवई समोरची बैठक बघून ठरवतो, फर्माईशही चालते. 'द वॉल'मध्ये तशी सोयच नाही. १९७९च्या त्या दुहेरी तबकडीत २६ गाणी आहेत आणि रंगमंचावर ती चालू असताना वादक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खरोखरीची भिंत रचली जाते. बर्लिनच्या प्रयोगातली ही भिंत २५ मीटर उंच आणि सुमारे १७० मीटर लांब होती, विटा थर्मोकोलसारख्या हलक्या. पूर्वार्धातल्या शेवटच्या गाण्याला शेवटचे भगदाड बुजते. मधले एखादे गाणे गाळले तर वीट रचणाऱ्यांची तेवढी मिनिटे गेली, भगदाड उघडेच राहणार. क्रम, वेळ, हालचाली अशा आधी बांधलेल्या असतात त्याला आपण 'प्रयोग' म्हणतो. गायनाचा असला तरी प्रयोगच.

'धर्मादाय'ची अडचण वेगळी. धर्मादाय दवाखाना म्हटले की फुकट किंवा नाममात्र पैशांत उपचार, ही समजूत पक्की आहे. 'धर्मादाय प्रयोग' वाचून लोक तिकीट नाही असे धरून चालतील. बर्लिनला तर दोन लाखांवर तिकिटे विकली गेली होती (शेवटी फाटके उघडली, म्हणून गर्दी त्याहूनही पुष्कळ झाली). यासाठी नाटकाच्या जाहिरातीतला जुना शब्द आहे: 'साहाय्यार्थ'. 'सहाय' म्हणजे मदत करणारा, त्यावरून 'साहाय्य'. तेव्हा पहिला 'सा' दीर्घच. हा शब्द एकटा वापरू नका, त्याच्याआधी 'कोणाच्या' हे यायलाच हवे. बर्लिनचा निधी ब्रिटिश युद्धवैमानिक आणि समाजसेवक लेनर्ड चेशायर यांनी काढलेला होता, म्हणून 'आपत्तिनिवारण स्मृतिनिधीच्या साहाय्यार्थ'. समासात 'आपत्ति' आणि 'स्मृति' ऱ्हस्व.

एक खाच मात्र आहे. 'साहाय्यार्थ' म्हणजे कलाकारांनी पैसे घेतले नाहीत, असा अर्थ होत नाही. आपल्याकडे 'चॅरिटी शो' म्हणतात त्यात बहुधा एखादी संस्था ठरलेल्या रकमेला नाटकाचा प्रयोग विकत घेते, चढ्या दराने तिकिटे खपवते आणि वरची रक्कम ठेवते. नटांना त्यांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे ठरलेले मानधन, मिळतेच. मानधन घेतले नसेल तर 'विनामानधन' हे वेगळे लिहा, आणि खात्री असेल तरच.

आता 'बहुतारांकित'. तारांकित हॉटेल असते, विधानसभेत तारांकित प्रश्न असतो. गायकांना तो शब्द लावला की हसू येते. इथे 'संयुक्त'चा मोह होईल आणि त्याला आधारही भक्कम आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एरवी चढाओढीतल्या दोन कंपन्या त्यात एकत्र आल्या. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. गाजलेले संगीत नाटक, बड्या नटांचा एकत्र संच, उद्देश निधी: मागितलेली सगळी लक्षणे यात आहेत. पण तिथे दोघे अख्खे नाटक समोरासमोर खेळले. बर्लिनला सिंडी लॉपर, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन आपापल्या वाट्याचे गाणे गाऊन गेले. म्हणून माझी पसंती 'नामवंतांच्या संचात'ला.

याच कारणाने 'भूमिका' हा शब्दही जपून वापरावा. कथानायक पिंकच्या तोंडची गाणी रॉजर वॉटर्स, ब्रायन ॲडम्स, पॉल कॅरॅक अशी वाटली गेली होती; पिंकची भूमिका ॲडम्सने केली, असे लिहिले तर चूक. शेवटच्या खटल्याच्या प्रवेशात मात्र भूमिका आहेत: टिम करी सरकारी वकील, टॉमस डॉल्बी शिक्षक, उटे लेंपर पत्नी, मारियान फेथफुल आई, आल्बर्ट फिनी न्यायाधीश.

'पुनर्मंचन' हिंदी वळणाचे वाटते. आपल्याकडे जुने नाटक 'नव्या संचात' येते. १९८०–८१च्या मूळ प्रयोगांतल्या पिंक फ्लॉइडच्या सदस्यांपैकी बर्लिनला एकटे वॉटर्स होते, तेव्हा नेमका शब्द हाच. शिवाय मूळ शेवटचे गाणे वगळून वॉटर्स यांचे नंतरचे एक गाणे सर्वांनी मिळून म्हटले, म्हणून 'जसाच्या तसा' हे शब्द टाळा. 'थेट' लिहितानाही जपा: 'मदर' या गाण्याच्या वेळी वीज गेली, आणि चित्रफितीत त्या जागी रंगीत तालमीतले चित्रण घातले आहे.

मग वाक्य असे होईल: '२१ जुलै १९९० रोजी बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झवर रॉजर वॉटर्स यांनी आपत्तिनिवारण स्मृतिनिधीच्या साहाय्यार्थ "द वॉल"चा नामवंतांच्या नव्या संचात प्रयोग केला.' लेखात 'द वॉल'ला 'कॉन्सेप्ट अल्बम' म्हटले असेल तर तो शब्द तसाच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे 'एका कथासूत्रात ओवलेला' एवढे जोडले की पुरे.