ती जुनी डिस्क रविवारी फॉरमॅट करू नका

तुमची पोस्ट वाचली. बाकीचं सवडीनं वाचलंत तरी चालेल, पण एक गोष्ट आत्ताच ऐका. रविवारी नव्या एसएसडीवर सगळं कॉपी करून जुनी डिस्क फॉरमॅट करायचा बेत तुम्ही जाता जाता लिहिला आहे, तो थांबवा. माझं सगळ्यात मोठं नुकसान नेमकं तिथेच झालं.

तुमची लक्षणं वाचताना माझीच जुनी वही उघडल्यासारखं वाटलं. फॅक्टोरिओ, म्हणजे तो कारखाना बांधायचा गेम, दोन-तीन तासांनी बंद पडतो, एरर दर वेळी वेगळा. सेव्ह एकदा उघडते, एकदा उघडत नाही. मित्राबरोबर खेळताना डीसिंक होतो, म्हणजे तुमचा खेळ मित्राच्या खेळाशी जुळेनासा होतो, पण फक्त तुमचाच. मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) काढून झाले, गेम नव्यानं टाकून झाला, ड्रायव्हर बदलून झाले, आणि आता ग्राफिक्स कार्ड घ्यावं का असा प्रश्न पडला आहे. माझा अंदाज रॅमचा, म्हणजे मशीनच्या मेमरीचा आहे. खात्री देत नाही. पॉवर सप्लायमुळेही असं होतं, प्रोसेसर ताणून चालवला असेल तरी होतं. मी हौशी आहे, दुरुस्तीचा धंदा करत नाही. पण ‘एरर दर वेळी वेगळा’ आणि ‘डीसिंक फक्त मला’ हे दोन्ही एकत्र दिसले की मी आधी रॅम बघते.

डीसिंकचं जरा सविस्तर सांगते, कारण मी ही खूण कित्येक महिने डोळ्यांसमोर असून पाहिली नाही. या गेममध्ये सर्व्हर प्रत्येक खेळाडूला कारखान्याची स्थिती पाठवत बसत नाही. पाठवल्या जातात त्या फक्त खेळाडूंच्या कृती. प्रत्येकाचं मशीन तोच कारखाना स्वतः, सेकंदाला ६० वेळा, जसाच्या तसा मोजत राहतं आणि अधूनमधून बेरजा ताडून पाहिल्या जातात. सगळ्यांची बेरीज जुळते आणि एकाचीच चुकते, तेव्हा गणित त्या एकाच्या मशीनवर बिघडलेलं असतं. मॉडची चूक असती तर बहुतेक वेळा इतरांनाही त्रास झाला असता. मी मात्र दर वेळी इंटरनेटला दोष देत पुन्हा जॉइन व्हायचे.

‘बाकी सगळं तर व्यवस्थित चालतं’ असं तुम्ही लिहिलंय. मीही तेच म्हणायचे. खराब रॅममुळे ब्राउझरमध्ये एक बिट उलटलं, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचं शून्य झालं, तर एखाद्या चित्रातला एक ठिपका बदलेल, तुम्हाला कळणारही नाही. मोठ्या कारखान्यात मात्र इन्सर्टर, असेंबलर, रोबो अशी हजारो यंत्रं सतत मेमरीतून वाचले-लिहिले जातात. पेटीत १०० लोखंडी पत्रे आहेत आणि त्या आकड्यातलं एकच बिट चुकीच्या जागी उलटलं, तर १०० चे ६५,६३६ होऊ शकतात. तेच बिट आकड्याऐवजी मेमरीच्या पत्त्यात असेल, तर गेम जागच्या जागी कोसळतो. म्हणून एरर दर वेळी वेगळा.

आणि सेव्ह फाइल झिप आहे, तिची तपासणी ‘बरोबर’ आली म्हणजे सेव्ह चांगली, असं समजू नका. झिपमधला सीआरसी-३२, म्हणजे पडताळणीचा आकडा, फाइल बांधल्यानंतरचा बिघाड पकडतो. आकडा रॅममध्ये आधीच चुकला असेल, तर तो चुकीचाच आकडा नीट बांधून ठेवला जातो. त्यात ऑटोसेव्ह फिरत्या जागांवर होतो. पाच मिनिटांनी एक आणि जागा तीन असतील, तर पंधरा मिनिटांत शेवटची चांगली प्रत पुसली गेलेली असते. त्यामुळे रोज एक सेव्ह वेगळ्या नावानं स्वतः ठेवा.

आता माझी चूक. मलाही वाटलं होतं की डिस्क जुनी झाली, म्हणून फाइली मोडतायत. नवी डिस्क आणली, सगळं कॉपी केलं, चार-पाच फोटो उघडून पाहिले, ठीक दिसले. त्याच संध्याकाळी जुनी डिस्क फॉरमॅट केली. कॉपी करताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते, हे मला माहीत होतं, पण तेव्हा सुचलं नाही. अकरा वर्षांचं सगळं मी खराब रॅममधून गाळून काढलं होतं. पुढचे कित्येक आठवडे एकेक सापडत गेलं. फोटोचा वरचा अर्धा भाग व्यवस्थित, खालचा सगळा करडा. मी लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रामांची झिप सीआरसी एरर देऊन थांबली. बाहेरच्या बॅकअप डिस्कवर चांगल्या प्रती होत्या, पण बॅकअपचा प्रोग्राम आरशासारखा चालत होता, नवी फाइल बदललेली दिसली की जुनीवर लिहायचा. त्यानं चांगल्या प्रतींवर मोडक्या प्रती नेमानं चढवल्या. कारखान्याचं मला फार वाटलं नाही, तो पुन्हा बांधला. ते फोटो परत आले नाहीत.

यात सर्व्हिस सेंटरचा भाग वेगळाच. नाव घेत नाही, त्यानं तुम्हाला काही फायदा नाही. मशीन दोनदा दिलं, दोनदा ‘दोष आढळला नाही’ असा कागद लावून परत आलं. काय तपासलं म्हणून विचारलं तर विंडोज सुरू करून थोडा वेळ चालू ठेवलं, बंद पडलं नाही, एवढंच. तिसऱ्यांदा मी घरी केलेल्या मेमरी चाचणीतल्या एररचे फोटो घेऊन गेले, तर म्हणाले की तुम्ही एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगानं चालवायची सेटिंग) लावलंय, ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा ताणून चालवणं, वॉरंटी नाही. खोक्यावर जो वेग मोठ्या अक्षरांत छापून विकला, तोच लावला म्हणून वॉरंटी नाही! याचा राग मला अजून आहे. घरी येऊन एक्सएमपी बंद केलं, पुन्हा चाचणी केली, तरी एरर आलेच. ते फोटो दाखवल्यावर रॅम बदलून मिळाली. म्हणून तुम्ही जाल तेव्हा कोणती चाचणी केली आणि किती तास केली, हे लेखी मागा. नाही म्हणाले तर मशीन तिथे सोडू नका.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, तो फुकट आणि मुक्तस्रोत आहे. विंडोजमधल्या मेमरी चाचणीवर माझा भरवसा नाही. एक फेरी पुरत नाही, माझा पहिला एरर चौथ्या फेरीत, मशीन चांगलं तापल्यावर आला होता. रात्रभर चालू द्या. एक एरर म्हणजे सुद्धा नापास, ‘एकच तर आहे’ म्हणू नका. एरर आले तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा, मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी) वेगळी लावून. शून्य एरर आले तर माझा अंदाज चुकला असं धरा आणि पॉवर सप्लायकडे वळा. ग्राफिक्स कार्डावर खर्च सगळ्यात शेवटी.

रॅम बदलली की मग कॉपी करा, आणि दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, ताडून पाहा. विंडोजमध्ये पॉवरशेलची गेट-फाइलहॅश आज्ञा आहे. कॉपीनंतर मशीन रीस्टार्ट करून मगच ताडा, नाहीतर ते डिस्कवरून वाचण्याऐवजी मेमरीत आधीच असलेली प्रत वाचू शकतं.

माझं मत विचाराल तर पुढचं मशीन ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून सुधारणाऱ्या रॅमचं घ्या, ती न जमणारी गोष्ट असेल तर निदान प्रत्येक फाइलचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवणारी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, वापरा. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये ईसीसी आपोआप येतं असं कुणी सांगेल, ते अर्धंच खरं. ते चिपच्या आतल्या चुका सुधारतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवरचं राखत नाही. घरच्या मशीनला ईसीसी हवं, यासाठी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २०२१ च्या सुरुवातीला चांगलेच चिडून बोलले होते. मला ते शंभर टक्के पटतं.

आता टॉर्च, कारण स्टिक काढायला कॅबिनेट उघडाल तेव्हा आत उजेड लागेल. तिथे दोन हजार ल्युमेन (उजेडाचं माप) नकोत, पांढऱ्या छपाईवर उजेड आदळून काहीच वाचता येत नाही. दहा ते पन्नास पुरे, आणि त्याहून मंद मोड असेल तर उत्तम. ल्युमेनपेक्षा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, बघा, ९० च्या वरचा घ्या. कमी सीआरआयच्या निळसर उजेडात तपकिरी आणि लाल वायर सारखीच वाटते. १४५०० हा रिचार्ज होणारा लिथियम सेल आकारानं पेन्सिल सेलएवढाच असतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चवर तशी स्पष्ट परवानगी लिहिली नसेल तर तो घालू नका, सर्किट जळेल. नवा टॉर्च दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या सी-टू-सी केबलवर चार्ज होत नसेल तर लगेच परत पाठवू नका. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये चार्जरला ‘इथे उपकरण जोडलंय’ असं कळवणाऱ्या सीसी पिनवरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे चार्जर वीज सोडत नाही. ए-टू-सी केबल लावून पाहा. खिशात ठेवताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा, म्हणजे आपोआप लागून खिसा भाजणार नाही. हे सगळ्या टॉर्चमध्ये चालत नाही, आधी घरी करून पाहा. आणि धातूचा टॉर्च चालू मदरबोर्डवर टेकवू नका.

आज रात्री चाचणी लावलीत तर सकाळी किती फेऱ्या झाल्या आणि किती एरर आले ते इथे लिहा. स्टिक दोन आहेत की चार, तेही लिहा, चार असतील तर एक्सएमपीच्या वेगाबद्दल मला आणखी सांगायचं आहे.