मोठ्या मंडपात प्रथमच गाणाऱ्यास

घरगुती बैठकींतून आता तुम्हाला मोठ्या मंडपात गाण्याची संधी मिळाली आहे, म्हणून तीस वर्षे संवादिनीची (हार्मोनियमची) साथ करताना जे पाहिले, त्यातले थोडे मनापासून सांगतो. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात खुर्च्यांखेरीज भारतीय बैठकही असते, आणि सतरंजीवर शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला रसिक मांडीवर ताल धरून समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत असतो. तुमचे गाणे त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. पहिल्या रांगेतल्या मान्यवरांकडे पाहून गाऊ नका आणि गर्दी मोठी आहे म्हणून संथ लयीतला विलंबित ख्याल आवरता घेऊन जलद, द्रुत तानांकडे धावू नका. सामान्य श्रोत्याला संथ आलापी पेलत नाही, हा समज मला त्याचा अपमान वाटतो.

साथीदारांविषयी मात्र मी आग्रहानेच सांगेन. त्यांची नावे गाण्याआधी स्वतः घ्या, तबलजींना मोकळी जागा द्या आणि सर्वांचे मानधन आयोजकांशी आधीच ठरवून घ्या. एका कार्यक्रमानंतर गायकाला हार आणि मोटार मिळाली, पण मागे चार तास तानपुरा छेडणारी विद्यार्थिनी रात्री एक वाजता फाटकाशी रिक्षा शोधत उभी होती. ते दृश्य मला अजून अस्वस्थ करते.