मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. शिष्यवृत्तीची वाट बघू की कर्ज काढू?

भाऊ, तुमचं म्हणणं असं : चोपडा तालुक्यात पाच एकर, कापूस आणि थोडी केळी, ओबीसी, मुलीला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून नाशिकचं खासगी कॉलेज मिळालंय. आणि खाली एक ओळ, 'गावातच तीन टक्क्यांनी पैसे मिळताहेत.' त्या ओळीमुळेच लिहायला बसलोय.

तीन टक्के म्हणजे महिन्याला. लाखामागे वर्षाचे ३६,००० नुसतं व्याज. बँकेचं शैक्षणिक कर्ज वर्षाला दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास असतं. माझ्या भाऊबंदांशी हा वाद जुना आहे. ट्रॅक्टरचं कर्ज मिरवतात, पीककर्ज दरसाल नवंजुनं (जुनं भरून नवं) करतात, पण पोरीच्या शिक्षणासाठी बँकेत जायचं म्हटलं की 'लोके काय म्हनतीन'. सावकाराकडे अंधारात जाऊन आलं तर मात्र कुणी काही म्हणत नाही! प्रवेश होतो पावसाळ्यात, पैसा खत-फवारणीत अडकलेला, कापूस घरात यायला दसरा-दिवाळी. सावकाराला हे वेळापत्रक पाठ असतं.

आता फी. कॉलेजकडून फीची फोड लेखी घ्या : शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, परीक्षा शुल्क किती. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस माफ नाही. प्रवेश कॅपमधूनच हवा. ऑगस्टमध्ये 'डायरेक्ट करून देतो' म्हणणारे एजंट फिरतात. मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली की माफी गेली.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, आणि तो नॉन-क्रीमीलेअरहून वेगळा. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना शेती आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत, योजनेच्या ८ लाखांत सगळं धरतात. एकाच्या जागी दुसरा चढवला की अर्ज सेंड बॅक होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. कॉलेजचा क्लार्क फोन करेल या भरवशावर राहू नका, लॉगिन करून स्वतः बघत राहा. मुदत संपली की सेंड बॅक झालेला अर्ज तसाच पडून राहतो.

माफीचे-शिष्यवृत्तीचे पैसे सगळ्यात जास्त अडकतात ते खात्यापाशी. पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, मुलीचं आधार एनपीसीआयकडे (बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे) ज्या खात्याशी जोडलेलं असेल त्यावर जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली असं नाही. गावात कुणी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर जोडणी गुपचूप तिकडे सरकलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, चुकीची बँक दिसली तर योग्य शाखेत डीबीटी सीडिंगचा (सरकारी पैशासाठी आधार जोडणीचा) फॉर्म भरून द्या. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं छोटं खातं असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक चालत नाही आणि वर्षाला १ लाखाच्या वर जमा चालत नाही. फीची रक्कम मोठी असली की ती परत फिरते. केवायसी आत्ताच पूर्ण करा.

वसतिगृहासाठी ओबीसींना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत, नाशिकला त्याहून कमी. मुलगी घरापासून दूर, दुसऱ्या गावी शिकत असली पाहिजे, आणि उत्पन्नाची मर्यादा बरीच खाली, अडीच लाखांची. शेजारीपाजारी आदिवासी मुलं असतील तर त्यांना आदिवासींसाठीच्या अशाच स्वयम् योजनेसाठी यावलच्या प्रकल्प कार्यालयात पाठवा.

तर शिष्यवृत्ती की कर्ज? दोन्ही. शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतील यावर मेसचं बिल थांबत नाही. कर्ज चारही वर्षांचं एकदम मंजूर करून घ्या, उचला मात्र जे माफीत बसत नाही तेवढंच. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमी असते, म्हणजे बँकेला सरकार जामीन असतं, म्हणून सातबाऱ्यावर बोजा आहे हे कारण शाखेने दिलं तर नकार लेखी मागा. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज केला की नोंद राहते. कॅपचं अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या लेटरहेडवर चार वर्षांची फी, दहावी-बारावीचे निकाल आणि उत्पन्नाचा दाखला, एवढं घेऊन जा. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू होतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन असेल तर तोवरचं व्याज केंद्र सरकार भरतं, पण ते बँकेला आठवण करून द्यावं लागतं.

एक राहिलं. तुमचं पीककर्ज थकलेलं असेल तर सहकर्जदार म्हणून तुमच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) गाडी अडेल. आधी ते नवंजुनं करा, किंवा पगारदार मामा-काका पुढे करा. आणि पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या वेगळ्या योजनेची व्याजसवलत घ्यायची असेल तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती सोबत चालत नाही, शिवाय ती ठरावीक नामांकित संस्थांपुरतीच आहे. तुमच्या मुलीला फीमाफीच जास्त फायद्याची.