अडखळण म्हणजे अडथळा नाही हो

अचलपूरकडच्या एका ताईंनी विचारलंय, की बायबलातल्या, येशूचा प्रेषित पौल याच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१:२३) वधस्तंभावरचा ख्रिस्त यहूद्यांना 'अडखळण' अन् हेल्लेण्यांना मूर्खपणा वाटतो असं आहे, तर अडखळण म्हणजे अडथळाच ना, मग सरळ तसंच का नाही लिहिलं, आणि हे हेल्लेणी कोण.

नाही ताई, अडथळा नाही. प्रवचनात सुद्धा लोक अडथळा अडथळा करून राहिले, कान किटले माझे. पांदणीत बाभूळ आडवी पडली तर तो अडथळा, दिसतो, चार जण मिळून बाजूला करता येतो. पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात एखादं खुंट राहून जाते, आपण दूर धुऱ्याकडे पाहत झपाझप चालतो अन् धाडकन तोंडावर, ही अडखळण. खुंट तर तिथंच होतं, नजर आपली भलतीकडे.

पण खरी गंमत मूळ ग्रीक शब्दात आहे. स्कान्दालोन. इंग्रजीतलं स्कँडल यातूनच आलं, त्याचं पेपरवाल्यांनी लफडं करून ठेवलं ते सोडा. स्कान्दालोन म्हणजे सापळ्यातली ती काडी जिला आमिष लावतात. घरचा उंदराचा पिंजरा आठवा, आत आकडी असते, तिला आपण भाकरीचा तुकडा खोचतो, उंदीर ओढतो अन् खटकन दार पडते. ती आकडी! आणि संस्कृतात स्कन्द् म्हणजे उडी मारणे, उसळणे, लॅटिनमध्ये स्कान्दो म्हणजे चढणे, तिघंही एकाच खानदानातले. म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं स्कंद हे नाव अन् पौलाचं स्कान्दालोन, लांबचे का होईना पण भाऊबंद. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप नव्हती.

आता जाणकार म्हणतील की पौलापर्यंत येता येता सापळा पुसून गेला होता, कारण हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात आंधळ्यासमोर ठेवू नये त्या ठेचेच्या वस्तूलाही (लेवीय १९:१४) हाच शब्द आहे. आहे ना, कोण नाही म्हणते? पण त्याच भाषांतरात हिब्रूतल्या 'मोकेश'ला, म्हणजे फासाला, पण हाच शब्द घातलाय, ते कायले लपवता? अर्धं सांगायचं अन् शहाणं म्हणवून घ्यायचं.

माझं म्हणणं असं, कोणाला पटो न पटो, की पौलाच्या डोक्यात ती आकडीच होती. यहूदी लोक आपल्या जुन्या राजाच्या, दाविदाच्या घराण्यातला राजा मागत होते, रोमनांना हाकलून लावणारा. मिळाला कसा? गव्हाणीत निजवलेला, नासरेथचा, जिथून काही चांगलं निघते का असं लोक विचारायचे, गाढवावर बसून यरुशलेमात येणारा, आणि शेवटी लाकडावर टांगलेला, अन् यहूद्यांचं नियमशास्त्र तर म्हणते की टांगलेला माणूस शापित (अनुवाद २१:२३). हवा होता तो राजा हाच भाकरीचा तुकडा, ओढला त्यांनीच. देवानं फसवलं नाही कोणाले.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच बघा ना. मत्तय १६ मध्ये १८ व्या वचनात येशू त्याला म्हणतो तू खडक, आणि २३ व्या वचनात त्याच पेत्राला म्हणतो तू मला स्कान्दालोन आहेस. कारण काय, तर येशूनं दुःख सोसायची अन् मरायची गोष्ट काढली आणि हा म्हणाला, असं तुम्हाला होणारच नाही प्रभू. खडकाची ठेच व्हायला पाचच वचनं लागली.

एकेकाळी असं काही अडलं की यवतमाळात विचारायला माणसं होती, बायबल सेमिनरी १९५३ साली तिथंच निघाली, १९८३ ला पुण्याला गेली, आता आमच्यासारख्यांवर भागवा.

हां, हेल्लेणी राहिलेच की. हेल्लेणी म्हणजे ग्रीक, ते स्वतःला हेलेनेस म्हणतात त्यावरून. आपल्या जुन्या पोथ्यांत यांनाच यवन म्हटलंय, आयोनियावरून, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगतो, यवतमाळशी त्याचा काही संबंध नाही.