सेंटरमध्ये यायच्या आधी तुला हे सांगायचं होतं

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज मी परत परत वाचला. बाळांना वाचवायचंय मला, असं लिहिलंयस, आणि खरं सांगते फार आनंद झाला, कारण नको असताना दिवस गेलेल्या, अबॉर्शनचा विचार करणाऱ्या बायकांसोबत बसायच्या आपल्या या कामाला तुझ्या वयाच्या मुली हव्यातच, सेंटरमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणी तुझ्याच वयाच्या असतात आणि माझे पांढरे केस बघून त्यांना आईच समोर बसलीय असं वाटतं, आणि आईलाच तर सांगायचं नसतं. पण तुझ्या त्या वाक्यात एक गोष्ट राहिलीय. बाळ आईच्या पोटात आहे. तिला वगळून त्याच्यापर्यंत कुणीच पोचू शकत नाही, तू नाही, मी नाही, पास्टरसुद्धा नाहीत. म्हणून आधी ती बाई, आणि ती कशाला घाबरलीय हे कळेपर्यंत बाकी काही बोलायचंच नाही.

कारण बघ, मला मूल आवडत नाही म्हणून नको, असं म्हणणारी क्वचितच येते. बहुतेकींचं बोलणं वेगळंच असतं. घरी कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत. तो फोनच उचलत नाहीये. जॉब जाईल. कोर्स अर्धा राहील. आधीचीच दोन आहेत, तिसरं कुठून सांभाळू. आणि कधीकधी, नवऱ्याने सांगितलंय की पाडून ये नाहीतर घरात पाय ठेवू नको. आता यातल्या प्रत्येकीला लागणारी मदत वेगळी आहे ना? जिला जॉबची काळजी आहे तिच्यासमोर तू लगेच स्तोत्र 139 उघडलंस तर तिला एवढंच कळतं की हिने माझं ऐकलंच नाही. वचन खरंच आहे गं, आईच्या उदरात घडवणारा देव आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि त्याच विश्वासावर हे सगळं काम उभं आहे, पण तिला त्या क्षणी मॅटर्निटी लीव्हचे नियम शोधून देणारं, ऑफिसला द्यायचं पत्र सोबत बसून लिहिणारं माणूस हवं असतं. वचन नंतर वाचता येतं, आणि बऱ्याचदा ती स्वतःच विचारते की तुम्ही हे सगळं का करता.

हागारची गोष्ट एकदा या कामाच्या नजरेने वाच, उत्पत्तीचा 16 वा अध्याय. त्या अख्ख्या अध्यायात तिची मालकीण साराय तिला माझी दासी म्हणते, सारायचा नवरा अब्राम तुझी दासी म्हणतो, दोघांपैकी एकाच्याही तोंडात तिचं नाव येत नाही. पोटुशी बाई, छळाला कंटाळून रानात पळालेली, आणि तिथे झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो आणि पहिल्यांदा तिला हागार म्हणून हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? देवाच्या दूताला माहीत नव्हतं का? तरी विचारलं. आपल्या पहिल्या भेटीला हे दोनच प्रश्न पुरे आहेत, नाव घेऊन विचारायचे आणि मग गप्प बसायचं, खरंच गप्प, ती रडायला लागली तरी लगेच गप्प राहा रडू नको असं म्हणायचं नाही.

याच अध्यायातली एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण तुला कधीतरी कुणीतरी ती ऐकवेलच. दूताने हागारला मालकिणीकडे परत जायला सांगितलं, नवव्या वचनात आहे ते. त्यावर बोट ठेवून काही लोक मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरी पाठवायला निघतात. हे अजिबात होऊ द्यायचं नाही. 21 व्या अध्यायात तीच हागार पोराला घेऊन रानात भटकतेय, तिथे देव तिला परत पाठवत नाही, तिचे डोळे उघडतो आणि तिला पाण्याची विहीर दिसते. प्रेग्नन्सीत घरातली मारहाण सुरू होते किंवा वाढते हे आपण डोळ्यांनी बघतो. तेव्हा सुरक्षित जागा आधी, समेट वगैरे खूप नंतर, आणि तो होईलच असंही नाही.

म्हणूनच पहिल्या भेटीत तिच्यासोबत कोण आलंय ते नीट बघ. बॉयफ्रेंड असो, सासू असो, आई असो, त्यांना प्रेमाने बाहेर बसवायचं, आणि आत ती एकटी असतानाच विचारायचं की तुला कुणी जबरदस्ती करतंय का. जबरदस्ती दोन्ही बाजूंनी असते हे लक्षात ठेव, पाड म्हणूनही आणि ठेव म्हणूनही. टेबलावर उलटा ठेवलेला फोन दर मिनिटाला थरथरतोय आणि ती प्रत्येक वेळी दचकून त्याच्याकडे बघतेय, असं दिसलं की समज, खोलीत तिसरं माणूस आहे. आणि ती अल्पवयीन असेल किंवा तिच्यावर अत्याचार झालाय असं कळलं तर आपण फक्त प्रार्थना करून सोडू शकत नाही, आपल्याकडचा कायदा कुणाला कळवायला सांगतो ते पाठ पाहिजे. त्यामुळे मी कुणालाच सांगणार नाही असं वचन कधीच द्यायचं नाही. जे पाळता येणार नाही ते बोलायचंच नाही.

आता खरेपणाबद्दल, इथे मी जरा कडक आहे. फोनवरच्या पहिल्या वाक्यातच सांगायचं की आम्ही अबॉर्शन करत नाही आणि त्यासाठी कुठे पाठवतही नाही, आम्ही ख्रिस्ती लोक आहोत आणि प्रेग्नन्सीत आणि नंतर सोबत राहतो. त्यावर तिने फोन ठेवला तर ठेवला. आपण डॉक्टर नाही तर पांढरा कोट घालायचा नाही. दोन आठवड्यांनी ये मग बघू, असं करत तिचे दिवस घालवायचे आणि मग उशीर झाला म्हणायचं, ही फसवणूक आहे आणि देवाच्या नावाने केली म्हणून ती पवित्र होत नाही. अबॉर्शनने ब्रेस्ट कॅन्सर होतो असं लिहिलेली जुनी पत्रकं कुठे सापडली तर टाकून दे. 2003 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने शंभराहून जास्त तज्ज्ञ बसवून हे तपासलं, तसा संबंध नाही असा निष्कर्ष निघाला. पोटातलं मूल देवाच्या प्रतिमेचं आहे हे सत्य पुरेसं मोठं आहे, त्याला खोट्याचा टेकू कशाला.

थोडं मेडिकल पण माहीत पाहिजे, जास्त नाही. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे डॉक्टर सहा आठवडे म्हणतात तेव्हा गर्भ राहून साधारण चारच झालेले असतात, आणि या एका गोष्टीवरून केवढे गैरसमज होतात, तारखा जुळत नाहीत म्हणून मूल माझं नाहीच असं म्हणणारे पुरुष असतात. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसायला लागते. तो स्क्रीन तिने बघायचा की नाही हे तिला विचारायचं, तिची मान धरून वळवायची नाही. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे असं नसतं हे कधी विसरू नको. नळीत राहिलेला गर्भ वाढला तर नळी फुटू शकते आणि बाईचा जीव जाऊ शकतो. पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, असं काहीही म्हणाली की काउन्सेलिंग बंद, ताबडतोब हॉस्पिटल. तिथे उपचार घेण्यात कुठलंही पाप नाही हे ठामपणे सांग, कारण काही विश्वासी मुली तेवढ्यासाठी अडून बसतात. आणि कळलेल्या प्रेग्नन्सीपैकी साधारण 10 ते 20 टक्के आपोआप पडतात, जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून देव या बाळाला नक्की तुझ्या हातात देईल असं आपल्या मनाने सांगायचं नाही. पडलं तर तिच्यासोबत शोक करायचा. आधी तिला नको होतं म्हणून देवाने नेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबव.

दत्तकाचा विषय तिने काढला तर कायद्याच्या रस्त्यानेच. चर्चमधलं एखादं मूल नसलेलं जोडपं लगेच पुढे येतं, माणसं चांगली असतात, हॉस्पिटलचं बिल भरतो म्हणतात. नाही. 1993 च्या हेग कन्व्हेन्शनमध्ये, ते एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या दत्तकांसाठी आहे, स्पष्ट आहे की आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घ्यायची आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी. आपण देशातल्या देशातही हेच धरून चालायचं. बाळ हातात घेतल्यावर बाईचं मन बदलू शकतं, आणि तो तिचा हक्क आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती ठेवते म्हणाली की आपल्या ग्रुपवर हालेलुयाचा पाऊस पडतो, आणि पडावाच, मीही रडते तेव्हा. पण खरं काम त्या दिवशी सुरू होतं. 1979 मध्ये मदर तेरेसा नोबेल घ्यायला गेल्या तेव्हा त्या व्यासपीठावरून अबॉर्शनविरुद्ध स्पष्ट बोलल्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की आम्ही दवाखान्यांना, हॉस्पिटलांना, पोलीस स्टेशनांना निरोप दिलाय की मुलाला मारू नका, आम्ही घेतो. हे आम्ही घेतो जमणार नसेल तर आधीचं वाक्य बोलायचा आपल्याला काय अधिकार आहे? पहिल्या महिन्यात कपडे, डायपर, गिफ्ट यांचा ढीग लागतो. चौथ्या महिन्यात कुणीच फिरकत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती रात्री अडीचला बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते, भाड्याची तारीख जवळ आलेली असते, आणि बाळाच्या बापाने नंबर बदललेला असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे 13 टक्के जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि आपल्याकडे येणाऱ्या तर आधीच एकट्या पडलेल्या असतात. बाळाकडे बघवत नाही, मी नसले तर बरं होईल, असं काही बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. येशू पोटात असताना मरिया आपल्या नात्यातल्या एलिझाबेथकडे जवळजवळ तीन महिने राहिली होती, लूकने त्याच्या शुभवर्तमानात ते मुद्दाम लिहून ठेवलंय. आपण निदान बाळ एक वर्षाचं होईपर्यंत तरी राहायचं.

आणि मंडळीचंही, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांचंही, बघावं लागतं. तिला साक्ष द्यायला स्टेजवर उभं करायची घाई करतात लोक, फोटो मागतात. तिने स्वतःहून म्हटलं तरी थांबव, वर्षभर तरी. उद्या ते मूल शाळेत जाणार आहे, त्याला कुणी म्हणायला नको की तू तो पाडायचा होता तो ना. मंडळीला काही करायचंच असेल तर बाळंतिणीला डबा द्यावा, दर आठवड्याला एक तास बाळ सांभाळावं.

आणि जी आपल्याकडून उठून गेली आणि अबॉर्शन करून आली तिचं काय? तिचाही नंबर तुझ्याकडेच राहू दे. फोन कर, तब्येत विचार. ताप आलाय, किंवा तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर हॉस्पिटलला तूच घेऊन जा. कुणी वर्षांनंतर येते आणि ढसाढसा रडते, कुणी रडत नाही, कुणाला काय वाटलं पाहिजे हे आपण ठरवायचं नाही. 1984 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत विकी थॉर्न यांनी अशा दुःखातल्या बायकांसाठी प्रोजेक्ट रेचल सुरू केलं, नाव यिर्मया 31 मधून घेतलं, मुलांसाठी रडणारी राहेल, इंग्रजीत रेचल. त्याच्या पुढच्याच दोन वचनांत देव तिला म्हणतो की आता रडणं आवर, तुझ्या भविष्याला आशा आहे. लोक रडण्यापाशीच पुस्तक मिटतात, तू पुढे वाचून दाखव.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनमधल्या फुलहमला गेल्या होत्या, तिथे सिस्टर्स समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या. रमाबाईंनी विचारलं की ख्रिस्ती लोक असल्या बायकांची काळजी का घेतात, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी स्वतः कृपासदन चालवलं, अशाच बायकांसाठी. हे काम ज्या बायकांकडून आपल्याकडे आलंय त्यांच्यात ही आपली बाई आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सुरुवातीला तू नुसती माझ्या शेजारी बसशील, येणाऱ्या बाईची परवानगी घेऊनच, आणि ती नको म्हणाली तर बाहेर. बोलायचं नाही, लिहून घ्यायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि ती गेल्यावर मला सांगायचं की ती कशाला घाबरली होती. ते तुला नीट सांगता यायला लागलं की मग तुला स्वतंत्र बसू देईन. कोणते वार जमतात ते कळव, आणि संध्याकाळी जमत असेल तर बरं, नोकरी करणाऱ्या जणी तेव्हाच येतात.

तुझी,
मावशी